पोऱ्या काय करस? तरुणांचं शिक्षण, प्रशिक्षण आणि रोजगार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाच्या मांडवात, बाजारात, एसटीत, कुठंही दोन ओळखीची माणसं भेटली की पाऊसपाण्याचं बोलून झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "तुमना पोऱ्या काय करस?" समोरचा खाली बघत म्हणतो, "घर बठेल शे," म्हणजे घरी बसलाय. आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून मी अख्खी नोकरी केली, पण हे उत्तर ऐकून आजही पोटात कालवतं. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी मी गावच्या वाचनालयात बसतो. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांतली पोरं-पोरी येतात, बरोबर आई नाहीतर काका असतात. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. योजनांच्या रकमा आणि मुदती बदलत राहतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा.

पोरगा शिकून घरी बसलाय. आमच्याच नशिबी हे आहे का?

नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे ६ कोटी ४९ लाख तरुण काम शोधत होते आणि त्यांना ते मिळत नव्हतं. पण मला त्याहून मोठा वाटतो तो दुसरा आकडा. १५ ते २४ वयाच्या दर पाच जणांमागे एक जण शाळेत नाही, प्रशिक्षणात नाही आणि कामावरही नाही. आपल्या भाषेत "बठेल शे". अशा तरुणांत दर तिघांमागे दोन मुली आहेत. त्या खरं तर बसलेल्या नसतात. पाणी भरतात, भाकरी थापतात, भावंडं सांभाळतात, कापूस वेचायला जातात. त्यांच्या हातात पैसा पडत नाही आणि सांगण्यासारखं शिक्षणही पदरी पडत नाही, एवढंच.

अशा तरुणांचं प्रमाण २०२० पर्यंत बरंच खाली आणायचं, असं जगातल्या सगळ्या देशांनी २०१५ च्या शाश्वत विकास उद्दिष्टांत लिहून दिलं होतं. ते वर्ष कधीच उलटून गेलं. पोराला दोष देण्याआधी हे ध्यानात घ्या.

दहावी झाली. अकरावी, आयटीआय की पॉलिटेक्निक?

आधी एक विचारतो : पोराला काय मोडून बघायला आवडतं? पंखा उघडून बसणाऱ्याला मी अकरावी कलाशाखेत कोंबू देत नाही, आणि पुस्तकात रमणाऱ्या मुलीला "आयटीआय कर, लवकर कमावशील" असंही म्हणत नाही.

आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. वेल्डर, डिझेल मेकॅनिक, कोपा (म्हणजे कॉम्प्युटरचा ट्रेड) एक वर्षाचे. वय १४ पूर्ण हवं, वरची मर्यादा नाही. प्रवेश ऑनलाइन, मार्कांच्या यादीने. पॉलिटेक्निकची पदविका दहावीनंतर तीन वर्षांची. दोन वर्षांचा आयटीआय केल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाण्याची वाट आहे आणि पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआयला गेलं की पुढचं दार बंद, हा समज चुकीचा आहे. तरी दरवर्षी निम्मे पालक तो घेऊनच येतात.

आयटीआयला "ढ" पोरं जातात ना? लोक काय म्हणतील?

फिटर ट्रेडचा पहिला महिना कसा असतो ते सांगतो. पोराच्या हातात एमएसचा, म्हणजे साध्या लोखंडाचा, ओबडधोबड तुकडा देतात आणि एक कानस. तुकडा वाईसमध्ये आवळायचा आणि एक बाजू सपाट करायची. मग दुसरी, पहिलीला बरोबर काटकोनात. घासून झालं की गुण्या लावायचा, जॉब, म्हणजे तो तुकडा, डोळ्यासमोर खिडकीकडे धरायचा आणि मधून उजेड येतो का ते बघायचं. केसाएवढा जरी उजेड दिसला तरी परत वाईसवर. हाताला फोड येतात. दोन पोरं पहिल्याच आठवड्यात रडकुंडीला येतात. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की पोरगा गुण्या लावतो, उजेडाकडे धरतो, उजेड दिसत नाही, आणि तो जॉब मला न दाखवता आधी शेजारच्याला दाखवतो. ते तोंड मी शेकडो वेळा पाहिलंय. दहावीच्या निकालाच्या दिवशी याच पोरांची तोंडं पडलेली होती.

यात काटेकोरपणा आहे, गणित आहे, संयम आहे. "ढ" म्हणणाऱ्याने एकदा कानस हातात घेऊन बघावी.

दहावी नापास झालो. संपलं का सगळं?

नाही. वेल्डर, वायरमन, सुतारकाम असे काही ट्रेड दहावी नापासांनाही खुले असतात. दहावी-बारावीला बाहेरून बसायचं तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. दोन्ही वाटांनी गेलेली मुलं मी पुढं चांगल्या कामावर बघितली आहेत. फक्त फॉर्मची तारीख चुकवू नका.

ॲप्रेंटिसशिप म्हणजे नक्की काय? सर, तुम्ही सारखं तेच का सांगता?

कारण मला एवढंच सांगायचं आहे. काम कामावरच शिकता येतं. वर्गात आम्ही पाया घालून देतो. पण बेअरिंग खराब व्हायला लागलं की मशिनचा आवाज कसा बदलतो, हे चालू मशिनजवळ सहा महिने उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि गरिबाचं पोर सहा महिने फुकट उभं राहू शकत नाही. म्हणून शिकता शिकता महिन्याला काहीतरी हातात पडलं पाहिजे.

आपल्याकडे याला कायदा आहे, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. ज्या आस्थापनेत ३० किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात, तिनं आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ॲप्रेंटिस घ्यायलाच हवेत. कंत्राटी माणसंही त्या मोजणीत धरतात. ॲप्रेंटिसशी लेखी करार होतो, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार भरतं.

जर्मनीचं नाव यात नेहमी घेतलं जातं, ते का ते बघू. तिथं मुलगा आधी कंपनीशी करार करतो. मग आठवड्याचे तीन-चार दिवस कारखान्यात आणि एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, असं दोन ते साडेतीन वर्षं चालतं. पहिल्या महिन्यापासून पगार. शेवटची परीक्षा उद्योगांचीच संस्था घेते, त्यामुळे प्रमाणपत्र बघून मालक "हे खरं का?" असं विचारत नाही. तीनशेहून जास्त व्यवसाय असे शिकवले जातात. बेकरीवाला, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस आणि बँकेतला कारकूनसुद्धा त्यात आले. स्वित्झर्लंडमध्ये साधारण दोन तृतीयांश मुलं याच वाटेने जातात आणि तिथं त्यांना कुणी "ढ" म्हणत नाही.

श्रीमंत देशांनाच हे परवडतं असंही नाही. ब्राझीलमध्ये १९४२ पासून आणि कोलंबियात १९५७ पासून राष्ट्रीय प्रशिक्षण संस्था आहेत. कोलंबियात प्रशिक्षण फुकट मिळतं. त्यासाठीचा पैसा उद्योगांनी पगाराच्या प्रमाणात भरायचा, अशी रचना तिथं सुरुवातीपासून होती. माणूस शिकलेला हवा तर शिकवण्याच्या खर्चातला वाटा उचला, असा साधा हिशोब.

आपल्याही काही आयटीआयमध्ये डीएसटी नावाची दुहेरी पद्धत आहे. काही महिने संस्थेत, काही महिने कारखान्यात. प्रवेश घेताना "डीएसटीची तुकडी आहे का?" हे तोंडाने विचारा. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

भुसावळला रेल्वेत ॲप्रेंटिस कसं लागायचं?

मध्य रेल्वेची जाहिरात निघते. त्यात भुसावळचं इलेक्ट्रिक लोको शेड, लोको वर्कशॉप, कॅरेज-वॅगन डेपो आणि मनमाडचं वर्कशॉप असतं. दहावीला ५० टक्के, आयटीआय पास आणि वय १५ ते २४. राखीव प्रवर्गांना वयात सवलत. लेखी परीक्षा नाही, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. दहावीचे मार्क इथं कामाला येतात, हे नववीतल्या मुलांना मी आवर्जून सांगतो. "रेल्वेत लावून देतो" म्हणणाऱ्याला या यादीत काहीच करता येत नाही.

ॲप्रेंटिसशिप संपली की तिथंच नोकरी मिळते?

कायद्याने बंधन नाही. मालक घेऊ शकतो, नाहीही घेऊ शकत. रेल्वेच्या लेव्हल-१, म्हणजे सगळ्यांत खालच्या पदांच्या, भरतीत मात्र ॲप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना २० टक्के जागा राखीव असतात, आणि खासगीत एक वर्षाचा अनुभव कागदावर असणं ही मोठी गोष्ट आहे. वर्ष संपलं की बरीच पोरं निराश होऊन घरी येतात आणि मग वर्षभर कुठंच जात नाहीत. तसं करू नका. करार संपायच्या दोन महिने आधीपासून दुसरीकडे अर्ज टाकायला लागा.

मी पोलीस भरतीची तयारी करतोय. किती वर्षं द्यावीत?

पहाटे अमळनेर, चोपडा, साक्री कुठल्याही रस्त्याने निघा, अंधारात धावणारी पोरं दिसतात. १,६०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक मिळून ५० गुण; मग १०० गुणांची लेखी. मेहनतीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण जागा मोजक्या आणि धावणारे हजारो. पाच-सहा वर्षं फक्त तयारीत घालवलेले, वय उलटून गेलेले तरुण माझ्यासमोर बसतात तेव्हा मला शब्द सुचत नाहीत.

माझं मत असं : पहाटे धावा, संध्याकाळी वाचा, पण मधले आठ तास कुठंतरी शिकण्यात किंवा कामात जाऊ द्या. एक वर्षाचा ट्रेड त्याच काळात होतो. भरतीत यश आलं तर उत्तम, नाही आलं तर हात रिकामे राहत नाहीत.

मुलीला इलेक्ट्रिशियन करायचंय. चालेल का?

आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत आणि दरवर्षी त्यातल्या कितीतरी आपल्याकडे भरतच नाहीत.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात उन्हाळ्यात पाण्याची पातळी खाली जाते आणि मोटारी जळतात. तिथल्या एका वाइंडिंगच्या दुकानात आमच्याकडे शिकलेली एक मुलगी काम करते. पानबुडी मोटार उघडून जळकी तार काढायची, खाचे साफ करायचे, इन्सुलेशनचा कागद बसवायचा, मोजून वेढे घालायचे, व्हार्निश द्यायचं. एक वेढा कमी पडला तरी मोटार पुन्हा जळते. मुलाखतीला गेली तेव्हा एका कंत्राटदाराने तिला एवढंच विचारलं होतं, "खांबावर चढशील का?" वेढे मोजता येतात का, हे कुणी विचारलं नव्हतं. आता शेतकरी त्या दुकानात येऊन म्हणतात, "ताईकडेच द्या."

पुढं शिकायचं असेल तर २०२४-२५ पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. एससी-एसटी मुलींसाठी वेगळ्या योजना आधीपासून आहेत. खरी अडचण येण्याजाण्याची असते. गावाची शेवटची एसटी पाचला सुटते आणि संस्था सुटते साडेपाचला. प्रवेशाच्या वेळी प्राचार्यांना हे सांगा. चार मुली मिळून सांगितलं तर वेळ बदलून मिळते, हे मी पाहिलंय.

खान्देशात काम आहे तरी कुठं? शेवटी सुरत नाहीतर पुणेच ना?

सुरतला उधना-लिंबायतमध्ये आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, चाकण-रांजणगावलाही आहेत. जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण इथलं कामही नीट बघा. जळगावात ठिबकचे कारखाने, डाळ मिल, प्लॅस्टिक चटया, सोन्याचा बाजार. केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिकवण केंद्रं आणि शीतगृहं यांना रेफ्रिजरेशनचं काम येणारी माणसं लागतात, टिश्यूकल्चर रोपांच्या प्रयोगशाळांना नेटक्या हातांच्या मुली-मुलं लागतात. भुसावळला रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचं वीज केंद्र. साक्री तालुक्यात पवनचक्क्या आणि सौर प्रकल्प. नंदुरबार-दोंडाईचाला मिरची, नवापूरला कुक्कुटपालन, शिरपूरला कापड.

सौर कृषिपंप सध्या गावोगावी बसतायत. बसवणारी टोळी दोन दिवसांत निघून जाते, मग कंट्रोलर बंद पडला की शेतकरी आठ-आठ दिवस फोन करत बसतो. तालुक्यात हे काम येणारी पाच पोरं असली तरी त्यांना वर्षभर श्वास घ्यायला वेळ मिळणार नाही.

आम्ही धडगावकडचे. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जातात. शिकायचं कसं?

या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. मुकादमाकडून उचल घेतली की ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर असते. पोरगा सोळाचा झाला की "याचं लग्न लावलं तर एक कोयता वाढेल" असं घरात बोललं जातं, आणि तिथं दोन मुलांचं शिक्षण एकदम थांबतं. मुलाचा त्यात दोष नाही. उचलीशिवाय घर चालत नाही म्हणून आईबापही अडकलेले असतात.

लहान भावंडांसाठी : जाताना शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्या, ते दाखवून जिथं जाल तिथल्या शाळेत बसता येतं. मागं राहणार असतील तर हंगामी वसतिगृहाची चौकशी करा. तुमच्यासाठी : आदिवासी विकास विभागाच्या नंदुरबार, तळोदा, धुळे आणि यावल प्रकल्प कार्यालयांत वसतिगृहाचा अर्ज. बारावीनंतर वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात.

आणि भाषेबद्दल. पावरी, भिली, मावची बोलणारं पोर वर्गात गप्प बसतं तेव्हा त्याला येत नाही असं शिक्षकाला वाटतं. मलाही सुरुवातीची काही वर्षं तसंच वाटायचं. मग मी अवजारांची नावं त्यांच्याच भाषेत त्यांच्याकडून लिहून घ्यायला लागलो आणि वर्ग बोलायला लागला. तेव्हा गप्प बसू नका, आपल्या शब्दात विचारा.

बीए झालो, नोकरी नाही. आता आयटीआय करू का?

लाज वाटत नसेल तर जरूर करा. वाटण्याचं कारणही नाही. लवकर सुरुवात करायची तर जिल्ह्यातली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बघा. बँका चालवतात, प्रशिक्षण, राहणं आणि जेवण फुकट. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा पदवीधरांना महिना १०,०००, आयटीआय-पदविकावाल्यांना ८,००० आणि बारावीवाल्यांना ६,००० असं विद्यावेतन ठरलं होतं. हा अनुभव आहे, कायमची नोकरी नव्हे. मुदत संपल्यावर काय करायचं याचा विचार पहिल्या दिवसापासून ठेवा.

एक जण दोन लाख मागतोय, नोकरीची हमी देतो. द्यावेत का?

देऊ नका. जमीन गहाण ठेवून दिलेले पैसे बुडालेली घरं मला माहीत आहेत.

परदेशात कामाला जायचंय.

परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेल्या एजंटाकडूनच जा. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. त्याला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो. पावती मागा. दहावी नसलेल्यांना आखातातल्या बऱ्याच देशांसाठी स्थलांतर परवानगी लागते. टुरिस्ट व्हिसावर कामाला पाठवणाऱ्याच्या नादी लागू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, पण जर्मन भाषा आल्याशिवाय तिथं कुणी उभं करत नाही. आधी भाषा, मग पासपोर्ट.

स्वतःचं दुकान टाकायचं तर कर्ज?

मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० पर्यंत आणि किशोर गटात ५ लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचे प्रकल्प बसतात. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ आणि महिला, एससी, एसटी, ओबीसी यांना ३५ टक्के अनुदान. पण अनुदानाकडे बघून धंदा निवडू नका. आधी त्याच धंद्याच्या दुसऱ्याच्या दुकानात वर्षभर काम करा, उधारी कशी थकते ते बघा.

कागदपत्रं कोणती लागतात?

शाळा सोडल्याचा दाखला, मार्कशीट, आधार, अधिवास, उत्पन्न, लागू असेल तर जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर. सगळ्यांवर नाव एकसारखं हवं. आधारवर "ज्ञानेश्वर", मार्कशीटवर "न्यानेश्वर", बँकेत नुसतं "डी. पाटील", असं असलं की महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडकते. नाव दुरुस्तीचं काम नववीतच करून घ्या, प्रवेशाच्या आठवड्यात सेतूवर रांगा असतात.

माझं छोटं वर्कशॉप आहे, सहा माणसं. मी ॲप्रेंटिस घेऊ शकतो का?

हा प्रश्न वर्षाकाठी एकदाच कुणीतरी विचारतं. तो पोरांइतकाच मालकांनी विचारला, तर वाचनालयात बसायची मला गरज उरणार नाही. हो, घेऊ शकता. ४ ते २९ माणसांच्या जागेवर सक्ती नाही, पण मुभा आहे. शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर आस्थापनेची नोंद करायची, ट्रेड आणि जागा टाकायच्या, मुलाशी करार करायचा, विद्यावेतन दरमहा त्याच्या बँक खात्यात भरायचं. हातात रोख देऊ नका, नोंद राहत नाही आणि सरकारचा हिस्साही मिळत नाही. पहिले दोन महिने तो तुमचा वेळ खाईल, एखादा ड्रिल बिट मोडेल. त्याला नुसता चहा आणायला पाठवू नका, मशिनजवळ उभं करा. नोंदणी जमत नसेल तर जवळच्या शासकीय आयटीआयमधल्या शिकाऊ उमेदवारी कक्षात जा. आधार, पॅन, उद्यम नोंदणी आणि बँक पासबुक बरोबर घ्या.